शाळिग्राम, समुद्रफेन आणि वर्धेकाठची गावं

विदर्भातल्या कुठल्याही गावातून समुद्र गाठायचा तर शेकडो किलोमीटर जावं लागतं. तरीही समुद्रातल्या एका कुळाने मागे ठेवलेल्या दोन वस्तू आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एक देव्हाऱ्यात, दुसरी जडीबुटीवाल्याच्या डब्यात. चक्र असलेला शाळिग्राम म्हणजे अमोनाइट या वेटोळ्या कवचाच्या, आता नामशेष झालेल्या प्राण्याचा जीवाश्म, आणि समुद्रफेन म्हणजे सेपियाच्या (कटलफिशच्या) पाठीतलं कवच. दोन्ही शीर्षपादांची, म्हणजे माकूल (स्क्विड), सेपिया, ऑक्टोपस, नॉटिलस यांच्या कुळातली. मी वर्ध्याला कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. मृदुकाय संघाखाली सेपिया, लोलिगो (म्हणजे माकूल), ऑक्टोपस ही नावं एका ओळीत येतात. मुलं ती पाठ करतात आणि पेपरात लिहून मोकळी होतात. घरातली वस्तू आणि पुस्तकातलं नाव यांची गाठ काही पडत नाही. ती घालून द्यावी म्हणून गावोगावच्या शाळांतून, वस्त्यांतून हा प्रवास.

सोबतीला रत्नागिरीची मैत्रीण होती. मत्स्यशास्त्र शिकलेली, बंदरावर उतरणारे माकूल मोजण्या-तपासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. तिने आणलेलं सामान गाडीच्या मागच्या सीटवर नीट बांधून ठेवलं: काचेच्या बरणीत फॉर्मॅलिनमधला माकूल, वर्तमानपत्रात गुंडाळलेली सेपियाची कवचं, मधोमध कापून चकचकीत केलेला मादागास्करचा अमोनाइट, खडूचे डबे आणि लांब टेप.

सोमवार, गिरड

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा नुकत्याच भरल्या होत्या. जामचा चौरस्ता सोडून समुद्रपूरच्या रस्त्याला लागलो तर दोन्ही अंगांना कापूस फुटलेला. वेचणी जोरात चाललेली. तूर फुलावर आलेली, सोयाबीन निघालेल्या वावरात हरभऱ्याची तयारी.

गिरडची टेकडी शेख फरीद बाबांची. टेकडीवर गोल गोल गोटे विखुरलेले दिसतात. इथली आख्यायिका अशी की दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टवाळी केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. त्यांनी पाय धरले, तेव्हा बाबांनी सुक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. भूशास्त्राच्या भाषेत हे झिओलाइटचे गोटे. लाव्हा थंड होताना त्यात वायूची पोकळी राहिली, पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्या पोकळीत मुरलं आणि स्फटिक वाढत गेले.

शाळेत अमोनाइट बाहेर काढला मात्र, मुलं पळत जाऊन टेकडीवरचे गोटे घेऊन आली. "मॅडम, हा पण त्याचाच घर हाय का?" प्रश्न अगदी योग्य होता, आणि उत्तर कापलेल्या अमोनाइटमध्येच होतं. झिओलाइटच्या गोट्यात स्फटिक असतात. अमोनाइटमध्ये कप्पे दिसतात, आतून बाहेर मोठे होत जाणारे. प्राणी राहायचा तो फक्त शेवटच्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात. वाढला की पुढे सरकायचा आणि मागे एक भिंत घालायचा. सगळ्या भिंतींमधून एक बारीक नळी जाते. त्या नळीने तो मागच्या कप्प्यांतलं पाणी काढून घेई, तिथे वायू भरे, आणि जड कवच असूनही तो पाण्यात अधांतरी तरंगू शके. नॉटिलस आजही तेच करतो. आतून कवच नॉटिलससारखं असलं तरी अमोनाइट माकूल-ऑक्टोपसचे जास्त जवळचे नातेवाईक, हे सांगितल्यावर मुलांनी तो पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिला.

मग मी त्यांना पायाखाली बघायला सांगितलं. आमची काळी माती ही दख्खनच्या लाव्ह्याचा खडक झिजून झालेली. तो लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला. त्याच काळात आजच्या मेक्सिकोतल्या युकातानवर अशनी आदळला, समुद्रातल्या सूक्ष्म जिवांची साखळी तुटली आणि ३० कोटींहून अधिक वर्षं टिकलेले अमोनाइट संपले. त्यांची पिल्लं फार बारीक, पृष्ठभागाजवळच्या प्लवकांवर, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म जिवांवर, वाढणारी, म्हणून ती आधी गेली असं मानलं जातं. नॉटिलसची अंडी मोठी, पिल्लं खोल पाण्यात वाढणारी. तो वाचला. माकूल आणि ऑक्टोपसचे पूर्वजही वाचले. कापूस ज्या मातीत उभा आहे ती माती आणि अमोनाइटचा शेवट एकाच काळातले आहेत, हे मला स्वतःला अजूनही अंगावर काटा आणतं.

दुपारी शाळेच्या पटांगणात खडूने महाकाय माकूल काढला. टेप धरून बारा मीटर. प्रार्थनेच्या ओट्यापासून निघालेली सोंडेची टोकं पार हातपंपापर्यंत गेली. डोळा जेवायच्या थाळीएवढा काढायला सांगितला, तेव्हा एका मुलीला वाटलं मी तिला हसवते आहे. मैत्रिणीने सांगितलं की हा प्राणी खोल समुद्रात जिवंत असताना त्याचा फोटो माणसाला प्रथम मिळाला तो २००४ मध्ये, जपानी संशोधकांना. त्याहून वजनदार असा अंटार्क्टिक समुद्रातला अतिकाय माकूल शास्त्राला १९२५ पासून ठाऊक आहे. स्पर्म व्हेलच्या पोटात सापडलेल्या त्याच्या बाहूंवरून त्याचं वर्णन झालं होतं. तो आपल्या घरात, म्हणजे खोल समुद्रात, जिवंत फिरताना कॅमेऱ्यात आला थेट २०२५ मध्ये. तेही एक पिल्लू, फूटभर लांबीचं.

मंगळवार, हिंगणघाटच्या पुढे

वाटेतल्या एका गावी आठवडी बाजार होता. वांगी, सांबार (कोथिंबीर), मिरचीचे ढीग, सुकट आणि बोंबलांच्या पाट्या, आणि वडाखाली सतरंजीवर जडीबुटीवाला. हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वावडिंग यांच्या शेजारी पत्र्याच्या डब्यात समुद्रफेन होतं. मैत्रीण खालीच बसली आणि एकेक तुकडा उचलून बघू लागली. बंदरावर हीच कवचं ती ताज्या सेपियातून काढते.

"समुद्राचा फेस वाळला का असा होते, ताई," दुकानदार म्हणाला. त्याच्या बापानेही त्याला हेच सांगितलेलं. मैत्रिणीने मोबाइलवर सेपियाचा व्हिडिओ लावला. कडेने झालर हलवत तरंगणारा, क्षणात रंग बदलणारा प्राणी. मग तिने आपल्याजवळचं एक अखंड कवच त्याच्या हातावर ठेवलं. "हे ह्याच्या पाठीत, कातडीखाली असतं. फेस नाही, दादा. त्याचं होडकं समजा."

भोवती गर्दी जमली. तिने ब्लेडने कवच आडवं कापून भिंगाखाली धरलं. पातळ थर एकावर एक, दोन थरांमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जागा, आणि ती जागा तोलून धरणाऱ्या असंख्य नागमोडी उभ्या भिंती. नव्वद टक्क्यांहून जास्त भाग मोकळा, तरी समुद्राचा दाब सोसणारा. अमोनाइटच्या कप्प्यांचं तत्त्व इथे पाठीत शिरलं आहे. सेपिया मागच्या थरांतलं पाणी काढतो किंवा आत घेतो आणि त्यावर ठरतं की वाळूवर बसायचं की वर यायचं. हे १९६०च्या सुमारास इंग्लंडात प्लिमथच्या प्रयोगशाळेत एरिक डेंटन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिलं. फार खोल गेलं तर मात्र कवच चिरडतं, म्हणून सेपिया उथळ समुद्र सोडत नाही.

एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं की लेकरांचा कान वाहायला लागला की त्यांच्याकडे हे उगाळून घालत. आयुर्वेदात कर्णस्रावावर समुद्रफेन सांगितलं आहे हे खरंच. पण पडदा फुटलेल्या कानात घरची भुकटी जाऊ नये, डॉक्टरला दाखवावं, हे मैत्रिणीने मायेने आणि स्पष्ट सांगितलं. पोपटाच्या पिंजऱ्यात लावायला एक जण तुकडा घेऊन गेला. तो उपयोग बिनधोक. चुना मिळतो आणि चोच घासली जाते.

निघताना दुकानदाराने तो व्हिडिओ आपल्या मोबाइलवर मागून घेतला. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवीन म्हणाला.

बुधवार, पिसदुरा

वरोरा तालुक्यातलं हे छोटं गाव जगभरच्या जीवाश्मशास्त्रात नाव राखून आहे. इथल्या हाडांवरून इंग्रज जीवाश्मशास्त्रज्ञ लिडेकरने १८७९ मध्ये टायटॅनोसॉरस या डायनोसॉरची एक जात वर्णन केली. इथल्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले आणि २००५ मध्ये जगाला कळलं की डायनोसॉरांच्या काळात गवत होतं.

आमचं काम वेगळं होतं. इथल्या मुलांना शेतात दगडी गोगलगायी दिसतात आणि त्यांना त्या शाळिग्राम वाटतात. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की फरक कळतो. गोगलगाईच्या वेटोळ्यात भिंती नसतात, सगळी नळी एकच आणि मोकळी. शिवाय वेटोळं एका बाजूला निमुळतं होत जातं. अमोनाइटचं बहुधा एकाच पातळीत फिरतं. पिसदुऱ्याच्या गोगलगायी गोड्या पाण्याच्या. त्या काळी इथे नदी-तळी होती, समुद्र नव्हता. अमोनाइट हवे तर नर्मदेच्या खोऱ्यात बागला, कच्छमध्ये किंवा तमिळनाडूत अरियलूरला जावं लागतं.

जीवाश्म जागचे हलवू नका, दिसले तर गुरुजींना सांगा, एवढं सांगून निघालो. ऊन कडक होतं.

गुरुवार, वणीकडे

वर्धा नदी ओलांडली की खडक बदलतो. वणीच्या आसपास चुनखडी आहे, चुनाभट्ट्या आहेत, पलीकडे कोरपना-राजुऱ्याला सिमेंटचे कारखाने. ही चुनखडी समुद्राचीच. म्हणजे आमच्याकडे समुद्र होता! पण तो अब्ज वर्षांच्या घरातला, आणि पहिले शीर्षपाद समुद्रात आले ते सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी, बोटाच्या पेराएवढ्या कवचातून. समुद्र होता तेव्हा हे प्राणी नव्हते. हे झाले तेव्हा इथला समुद्र गेलेला. खाणीच्या कडेला उभं राहून मैत्रिणीने बराच वेळ त्या पांढुरक्या थरांकडे पाहिलं. तिला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं असावं.

मुक्काम माझ्या एका विद्यार्थिनीच्या गावी होता. संध्याकाळी तुळशीचं लग्न. अंगणात शेणसडा, वृंदावनाला गेरू, उसाचा मांडव, बोरं, चिंचा, आवळे. आजीने देव्हाऱ्यातून शाळिग्राम काढून पितळी ताम्हणात ठेवला. काळा, गुळगुळीत, एका बाजूला फुटून आत चक्र दिसणारा. त्यांच्या आजेसासूने कोणा यात्रेकरूकडून मिळवलेला.

हात लावायच्या आधी मैत्रिणीने पाय धुतले आणि विचारलं. आजीने स्वतःच तो तिच्या ओंजळीत दिला. कडेच्या ठसठशीत कंगोऱ्यांकडे बोट करून मैत्रिणीने सांगायला सुरुवात केली. नेपाळात मुक्तिनाथच्या खोऱ्यातून काली गंडकी वाहते. तिथे काळ्या शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकाचा, थर आहे, १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वीचा. हिमालय उठायच्या आधी तिथे टेथिस समुद्र होता. त्याच्या तळच्या चिखलात अमोनाइट पुरले गेले, त्यांच्याभोवती खनिजं जमून घट्ट गोटे झाले. पुढे भारताचा भूखंड उत्तरेला जाऊन भिडला, समुद्राचा तळ वर उचलला गेला, आणि आता नदी ते गोटे उकरून, घासून खाली आणते. समुद्राच्या तळातून निघून साडेतीन हजार मीटरहून उंच जाऊन, तिथून हातोहात आपल्या अंगणापर्यंत आलेला हा प्रवास.

आजी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे याच्यात जीव होता म्हणता?"

"होता, आजी. डोळे होते, हात होते."

"मंग बरोबर हाय. बिनजिवाच्या गोट्याले कोणी पोरगी देते का?"

अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टका झाल्या. मी या लग्नांना लहानपणापासून जाते. शास्त्र सांगताना कुणाच्या श्रद्धेला धक्का लागू नये याची धाकधूक मनात असायची. आजींनी एका वाक्यात ती काढून टाकली. देव्हाऱ्यातल्या वस्तूला आयुष्य होतं हे कळल्यावर त्यांनी ओंजळ अधिक जपून धरलेली मी पाहिली.

शुक्रवार, तलावाकाठी

भद्रावतीवरून चंद्रपूर, तिथून मूलच्या बाजूला. इकडे धानाची कापणी चाललेली आणि गावोगाव जुने मालगुजारी तलाव. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या एका वस्तीवर आमची वाट बघत होते. चंद्रपूरच्या मासळी बाजारात मैत्रिणीने आधीच सांगून ठेवलेले माकूल बर्फाच्या पेटीत घेतले होते. प्रवासातला हा दिवस मला सगळ्यात मोलाचा वाटला, कारण इथे शिकवणारे आणि शिकणारे सारखे बदलत राहिले.

पिंपळाखाली पाट मांडला. एका जुन्या जाळेकऱ्याने, सगळे त्यांना बाबाजी म्हणत होते, माकूल हातात घेऊन उलटसुलट केला. "हे त हाडाबिगरचं जनावर हाय जी." मग त्यांचं बोट थेट डोक्याखालच्या नळकांड्यात गेलं. "पाणी इथून फेकत असन. मागं पळते का हा?" अगदी तसंच. माकूल अंगाभोवतीच्या मांसल आवरणात पाणी भरून घेतो आणि नळीतून जोरात सोडतो. नळी वळवली की दिशा वळते. बाबाजींनी हा प्राणी जन्मात पहिल्यांदा पाहिला होता, पण पाण्यातल्या देहाची रचना त्यांच्या बोटांना कळते.

आठ बाहू, दोन लांब सोंडा. चूषकांच्या कडांना दातेरी कडी, नखाने चाचपता येणारी. कातडीवर तांबूस ठिपके: रंगाच्या पिशव्या, प्रत्येकीभोवती ताणणारे बारीक स्नायू. स्नायू आवळले की ठिपका पसरतो. मेंदूतून थेट हुकूम जातो, म्हणून रंग क्षणात पालटतो. आणि हे सगळं करणाऱ्या बहुतेक जातींच्या डोळ्यांत रंग ओळखायची सोय एकाच प्रकारची, म्हणजे आपल्या अर्थाने ते रंगांधळे. याचं उत्तर शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत.

मैत्रिणीने पोटाकडून चीर दिली. दोन कल्ले, प्रत्येक कल्ल्याच्या मुळाशी एक हृदय, मध्ये तिसरं मोठं. पोरांनी तिन्ही बोटाने मोजली. रक्त निळं का दिसत नाही असं एकीने विचारलं, कारण मी आधी निळं सांगितलं होतं. त्यात लोहाऐवजी तांबं असतं. प्राणवायू असला तर निळं, नसला तर जवळपास रंगहीन. मेलेल्या माकुलात प्राणवायू उरलेला नव्हता. चोच काढली, पोपटाची शोभावी अशी. अन्ननलिका मेंदूच्या मधोमध भोकातून जाते, म्हणून घास बारीक तोडूनच गिळावा लागतो. पाठीतून पारदर्शक पातं ओढून काढलं. सेपियाचं जे पांढरं कवच मंगळवारी बाजारात दिसलं, त्याच्या जागी माकुलाकडे एवढंच उरलं आहे. ऑक्टोपसकडे तर तेही नाही. अमोनाइटचं दगडी घर, समुद्रफेन आणि हे काचेसारखं पातं मी पाटावर एका रांगेत मांडली. कवच सोडत सोडत हे कुळ चपळ आणि हुशार झालं. घराचं संरक्षण गेलं तेव्हा डोळे, मेंदू आणि शाई कामाला आली.

आवरणाच्या आतल्या बाजूला चांदणीच्या आकाराची चेतागाठ असते. तिथून निघणारे जाड तंतू भिंगाखाली दाखवले. मोठ्या जातींत एकेक तंतू मिलिमीटरभर जाड असतो, म्हणजे माणसाच्या चेतातंतूच्या कितीतरी पट. प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये हे ओळखलं. मग हॉजकिन आणि हक्स्ले या शास्त्रज्ञांनी त्या तंतूच्या आत सूक्ष्म तार घालून चेतासंदेश म्हणजे काय ते विजेच्या मापात मोजलं. १९५२ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं, १९६३ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याला काटा रुतला की हात मागे कसा जातो, हे माणसाला माकुलाने शिकवलं. बारावीला चेतासंस्था शिकवताना मी यापुढे इथूनच सुरुवात करणार आहे.

शाईची चंदेरी पिशवी शेवटी फोडली. मुलांनी काडीने वहीत आपापली नावं लिहिली. इंग्लंडात लाइम रेजिस गावी जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगला १८२६ मध्ये माकुलाच्या नात्यातल्या बेलेम्नाइटमध्ये वाळलेली शाई मिळाली होती. तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिने ती जवळपास २० कोटी वर्षं जुनी शाई पाण्यात कालवून, त्याच शाईने एका समुद्री सरीसृपाच्या कवटीचं चित्र काढलं. हे ऐकून एका पोराने आपलं नाव पुन्हा, जास्त नीट अक्षरात लिहिलं.

मग बायांनी सूत्रं हातात घेतली. उरलेले माकूल साफ करून लसूण, खोबरं, लाल मिरचीच्या वाटणात टाकायचे होते. मैत्रिणीने चुलीशी बसून एकच गोष्ट सांगितली: एक तर दोन-तीन मिनिटांत उतरवा, नाहीतर पाऊण तास शिजू द्या. मधल्या वेळात तो आक्रसून चिवट होतो, पुढे तंतू विरघळले की परत मऊ पडतो. त्यांनी पाऊण तासाचा रस्ता धरला. भाताबरोबर खाल्लं. मरळीची चव वेगळी आणि याची वेगळी, यावर वस्तीत मतभेद झाले. मला स्वतःला ढीवर बायांच्या हातचा माकूल रत्नागिरीत खाल्लेल्यापेक्षा आवडला.

जेवणं झाल्यावर बाबाजींनी विचारलं, "याचं बीज आमच्या तलावात टाकता येते का? रोहू-कतल्यासारखं?"

मैत्रिणीने मान हलवली. या कुळाच्या कितीतरी शे जाती आहेत, उष्ण समुद्रापासून बर्फाळ समुद्रापर्यंत, पृष्ठभागापासून हजारो मीटर खोलीपर्यंत. पण ५० कोटी वर्षांत यांची एकही जात गोड्या पाण्यात उतरलेली नाही. शंखाचे प्राणी उतरले, शिंपले उतरले, हे नाही. शरीरातलं मीठ सांभाळून ठेवायची सोय यांच्याजवळ नाही. तलावात सोडला तर काही वेळातच मरेल.

"आणि समुद्रात किती जगते?"

"वर्ष, दीड वर्ष. अंडी घातली की संपला."

"एवढी अक्कल अन् एवढंसं आयुष्य," बाबाजी म्हणाले. मग विषय बंदरावर आला. त्यांना मोठी जाळी आणि ट्रॉलर बघायचे होते, पोरांना जिवंत माकूल. मैत्रिणीने सांगितलं की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यानंतर कधीही या, राहायची व्यवस्था तिच्याकडे. बाबाजींनी हिशेब केला. पावसाळ्यात तलावात बीज टाकायचं, मग धान. पुढच्या दिवाळीनंतर जमेल म्हणाले. किती जण येतील याची यादी वस्तीतली दहावीची मुलगी लगेच लिहायला बसली.